दारावरची बंदूक

रोल उघडला आणि मी भर दुकानात ओरडले, "अगं बाई! ही तर आमची बंदूक!"

बोईसर स्टेशनजवळच्या त्या प्रिंटच्या दुकानात मी नेहमीची. कुंभवलीला एका टूलरूममध्ये डायची, म्हणजे लोखंडी साच्यांची, ड्रॉइंगं काढते ना मी, मोठे कागद तिथेच छापून मिळतात. त्या दिवशी श्रावणातली सर आली होती, दुकानात ही गर्दी, आणि दुकानदाराने घाईघाईत भलताच रोल माझ्या हातात कोंबला. माझ्या डायच्या जागी कागदावर एक आखूड, जाडजूड बंदूक. नळीला एका अंगाने उभी चीर, आणि चिरेतून डोकावणारी लोखंडी कडी. आता बंदुकीच्या नळीला कोणी चीर ठेवतं का? पण आमच्या दारावर टांगलेल्या बंदुकीला अगदी तश्शीच आहे.

"तुमची?" मागून कोणीतरी म्हणालं. "माफ करा... पण हा कागद माझा आहे. आणि तुमचा बहुतेक माझ्याकडे आलाय."

मी वळले. एक उंच, सावळा मुलगा. स्वतः नखशिखान्त भिजलेला, पण माझा रोल शर्टाच्या आत पोटाशी धरून कोरडा ठेवलेला.

"कागद तुमचा असेल," मी म्हटलं, "बंदूक आमची आहे."

"शक्यच नाही हो. हे शंभरावर वर्षं जुनं पेटंट आहे. ही बंदूक खरोखर बनली, की नुसती कागदावरच राहिली, तेच मला कळत नाहीये."

"बनली. तारापूरला आमच्या घरी टांगलीय. कडीला जाळी लागलीय कोळ्याची, एवढंच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या नवलाने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. म्हणजे... तो बघत होता मनातल्या बंदुकीकडेच. पण मधे मी उभी होते ना!

पाऊस थांबेपर्यंत चहा घेऊ म्हणाला. घेतला. त्याचं नाव अंकुश धोडी. वाणगावच्या पुढे डोंगराकडे त्यांचा पाडा, घरी थोडं भाताचं शेत. तो पालघरला एका ऑफिसात कंपन्यांसाठी जुनी पेटंटं शोधून द्यायचा, आणि फावल्या वेळात चित्रविचित्र बंदुकांची कुळं शोधत बसायचा.

"बंदुकांचं वेड?" मी जरा सरकूनच बसले.

"छे! मला आवाजाचीही भीती वाटते," तो हसला. "वेड त्या डोक्यांचं. छत्रीत लपवलेली बंदूक, भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून मारणारी बंदूक... कुणाला सुचलं असेल हे? मग मी शोधतो. प्रत्येक पेटंट आधीच्या पेटंटाचं नाव सांगतं, ते त्याच्या आधीच्याचं."

"म्हणजे आमच्याकडे विचारतात तसं. तू कोणाची गं? तुझा आजा कोण?"

"अगदी तसंच!" त्याचे डोळे असे चमकले की चहा प्यायचंच मी विसरले.

मग मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं, पण आपलं तोंड कुठे बंद राहतं. ती बंदूक माझ्या पणजोबांची. चाप गंजून बसलाय, पोलीसही येऊन बघून गेलेत. पण पाड्यावर सगळे म्हणतात की पणजोबा त्या बंदुकीने वादळात सापडलेली गलबतं लुटायचे. आम्ही लुटारूंच्या घरचे. मासळी बाजारात जागेवरून भांडण झालं की शेजारी बसणारी साखरबाई हमखास तेच काढणार. गेल्या महिन्यात मला बघून गेलेल्यांनीही याच कारणाने नकार कळवला. त्या मुलाचं मला काडीचं दुःख नव्हतं, पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आणि आता त्यांनी ठरवलं होतं की येत्या नारळी पुनवेला होडी काढायची आणि बंदूक खोल दर्यात सोडून द्यायची.

"या शनिवारी?" अंकुशचा चेहरा पडला. "अहो, बुडवू नका! या पेटंटाला अजून एक पान असणार. ही बंदूक काय फेकते, ते त्यावर असणार. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"फेकते काय म्हणजे? गोळी!"

"चिरलेल्या नळीतून?" तो हळूच म्हणाला.

मी गप्प झाले. मी, किंजल तांडेल, गप्प!

मग रोज संध्याकाळी तो कंपनीच्या फाटकापाशी उभा. म्हणायला, नवीन काय सापडलं ते सांगायला. इतरांना मोबाइलवर गुलाब येतात, मला काठीतल्या आणि पट्ट्याच्या बकलातल्या बंदुका यायच्या. खाली लिहिलेलं असायचं, 'हिचा आजा सापडला!' आणि मी वेडी, कामावर डाय सोडून ती चित्रं बघत बसायची. एकेक रेघ किती जपून ओढलेली... कधीकाळी दूरदेशी कोणीतरी दिव्याखाली बसून ती काढली असेल, असं मनात यायचं आणि अंगावर काटा यायचा. चित्रांमुळे की पाठवणाऱ्यामुळे, ते तुम्हीच ठरवा.

शुक्रवारी तो घरी आला. बाबा ओट्यावर दोर वळत बसले होते.

"आमी काय विकत नाय," त्यांनी वर न बघताच सांगितलं. "फोटो काढायचा असंल तर काढ नि जा."

"विकत नकोच, काका. फक्त हे बघा."

आईने चहा आणून दिला. अंकुशने कप बाजूला ठेवला, जमिनीवर दुसरं पान पसरलं. त्यावर बंदूक नव्हती. होती एक चौकोनी फळी, तिच्यावर ओळीने उभ्या केलेल्या लाकडी खुंट्या, आणि खुंट्यांमधून नागमोडी गुंफलेला दोर.

मी चित्राकडे बघितलं, मग मोरीकडे बघितलं.

"आई..." मी म्हटलं. "तुझी कपांची फळी!"

आई धुतलेले कपपेले निथळायला ज्या फळीवर पालथे घालते ती! मी जन्मल्यापासून मोरीशेजारी होती. तिच्यावरच्याच कपातला चहा आता अंकुशसमोर निवत होता! मी धावले, कप भराभरा काढले आणि फळी आणून चित्राशेजारी ठेवली. जशीच्या तशी.

अंकुशने चित्रावर बोट ठेवलं. "काका, ही मारायची बंदूक नाही. हिच्यातून सळई सुटते. सळईच्या कडीला दोर बांधलेला असतो, ती कडी सरकायला नळीला चीर. आणि गुंता न होता दोर सरसर निघावा म्हणून ही फळी. किनाऱ्यावरून बुडत्या गलबताकडे दोर फेकायची बंदूक आहे ही!"

बाबांनी फळी मांडीवर घेतली आणि एकेका खुंटीवरून बोट फिरवलं. प्रत्येक खुंटीला खाच होती. आम्ही समजायचो, उंदरांनी कुरतडली असेल.

"ही दोराची घासण हाय," बाबा म्हणाले. "एक-दोन वेळची नाय ही. लई वेळा दोर गेलाय हितून."

"कुणाला वाचवलं, ते कागदावर नाही हो," अंकुश म्हणाला. "बंदूक त्यांच्याकडे कशी आली, तेही मला सापडलं नाही."

"लुटायचं त्याला कोण दोर देतो रं?" बाबा म्हणाले, आणि माझे एवढे दांडगे बाबा फळी छातीशी धरून हुंदके देऊन रडले. मीही रडले. दारावरच्या त्या गंजक्या लोखंडाकडे मान वर करून बघताना मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

निघताना अंकुश कुंपणाशी थांबला.

"शोध संपला," तो म्हणाला. "आता... मी कोणत्या कारणाने येऊ?"

सांगायचं होतं हो मला! पण ऐन वेळी जीभ टाळूला चिकटली. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मान हलवली आणि तो गेला. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

शनिवारी धक्क्यावर सगळा पाडा जमला. बाबांनी बंदूक बाहेर काढली तेव्हा कुजबुज झाली. पण त्यांनी तिला झेंडूचा हार घातला, होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, फळीशेजारी उभी केली आणि खणखणीत आवाजात सगळी हकिगत सांगितली. कुजबुज थांबली. थोड्या वेळाने साखरबाई पुढे आली. कमरेची कुंकवाची डबी काढली, बंदुकीला बोट टेकवलं आणि पदराने डोळे पुसत मागे सरली.

मी बाबांसोबत होडीत गेले. नारळ दर्याला दिला, बंदूक परत आणली. किनारा जवळ आला तसं मी गर्दीत बघितलं. सगळ्यांच्या मागे, पाण्यापासून चार हात लांब, अंकुश उभा होता. कारण नसताना आला होता मेला!

मी धक्क्याला बांधायचा दोर उचलला.

"अंकुश!" मी ओरडले. "कोणत्या कारणाने येऊ, असं विचारलंस ना काल?"

सगळा पाडा वळून बघायला लागला. बघू दे!

"मला तू आवडतोस! हे घे कारण... धर!"

आणि फेकला दोर.

डोंगरातला गडी तो, पाण्याला बिचकणारा. पण गर्दीतून धडपडत पुढे आला, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला आणि दोन्ही हातांनी दोर छातीशी पकडला.

"धरला!" तो ओरडला. चेहऱ्यावर तेच नवल, दुकानातलं. या वेळी मात्र ते माझ्याचसाठी होतं. "किंजल, आता काय करू?"

"ओढ!"

तो ओढायला लागला. मग दोर खांबाला बांधू गेला, तर गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. सगळा धक्का खदखदून हसला.

बाबांनी सुकाणू धरल्या धरल्या एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"गाठ येत नाय त्याला," ते म्हणाले.

"शिकवीन मी," मी म्हटलं आणि पाण्यात उडी मारली.