निळ्या गादीची खुर्ची

पियानो ट्यून करायला गेलेली मुलगी दारू सोडणाऱ्यांत जाऊन बसली, यात दोष कुणाचा, हे अजून ठरायचं आहे. तिची आई म्हणते, पोरीच्या धांदरटपणाचा. मावशी म्हणतात, देवाचा. आणि रंगारी म्हणतो, दोष कसला त्यात...

त्या गुरुवारी संध्याकाळी ती हत्यारांची पिशवी खांद्याला लावून प्रार्थनाघराच्या मागच्या दाराने तळघरात उतरली. कामाचा फोन आईने घेतला होता आणि पत्ता खोदून खोदून विचारून ठेवला होता. मागचं दार, ओल्या पायऱ्या, समोरच पियानो. पियानो होताच. पण त्याच्यापुढे गोल करून माणसं बसली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि शांतता अशी की तिच्या बुटांच्या चुर्र आवाजाने तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा वेळी ‘मी पियानोसाठी आलेय’ असं ओरडून कसं सांगायचं? एकच खुर्ची रिकामी होती, निळ्या गादीची. ती हळूच त्या खुर्चीवर टेकली.

सगळ्यांचे डोळे उघडले, आणि एकेक चेहरा तिच्याकडे वळून फुलत गेला. ज्यांना सगळे टपालकाका म्हणत, त्या निवृत्त पोस्टमनने तर चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या उजवीकडे बसलेला तरुण उठला, कोपऱ्यातल्या किटलीतून चहा ओतला आणि कप तिच्या हातात दिला. त्याच्या नखांत पिवळा रंग अडकलेला होता.

“आलात, फार बरं झालं,” तो हळूच म्हणाला. “पहिल्यांदा या पायऱ्या उतरणं सगळ्यात अवघड असतं.”

“हो, ओल्या आहेत,” ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसत आणि ओठ मागून येत, हे तिने तिथल्या तिथे टिपून ठेवलं. चहा चांगला होता. त्यामुळे आपण कुठे बसलोय, हे कळायला तिला जरा उशीरच झाला.

ही सगळी व्यसनातून बाहेर पडलेली, नाहीतर पडू बघणारी माणसं होती. दर गुरुवारी इथे जमायची, एकमेकांना धरून राहायची. पांढऱ्या केसांच्या मावशी हे सगळं चालवायच्या. त्या स्वतः कधीकाळी याच पायऱ्या रडत उतरल्या होत्या. प्रार्थना एवढीशीच असे – देवा, आजचा दिवस सांभाळ, उद्याचं उद्या मागू. नियमही थोडेच होते. नव्या माणसाला काही विचारायचं नाही. इथे खोटं बोलायचं नाही. दुसऱ्याचं खरं आपण बोलायचं नाही, ज्याचं त्यानेच बोलायचं. आणि निळ्या गादीची खुर्ची, जो अजून यायचा आहे, त्याच्यासाठी रिकामी ठेवायची.

खूप दिवस ती रिकामीच होती म्हणे. आता तिच्यावर ही बसली होती, चहा पीत.

वाटलं तर बोल गं, असं मावशी म्हणाल्या, तेव्हा ती खरं सांगायलाच तोंड उघडत होती. पण समोर टपालकाका अजून चष्मा पुसत होते. शेजारी पिवळ्या नखांचा हात गुडघ्यावर शांत ठेवून तो ऐकायला वळला होता. तिची जीभ घसरली.

“मी... वाइन घ्यायचे,” ती म्हणाली. “रोज. अर्धा ग्लास. मग बाटलीला बूच लावून... फ्रीजमध्ये ठेवून द्यायचे.”

टपालकाकांना एकदम खोकला आला.

“बूच लावून,” मावशींनी मान डोलावली. “बरं, बरं.”

मग मावशी पियानोवर बसल्या आणि सगळ्यांनी गायला सुरुवात केली. पियानोची अवस्था विचारू नका. मधल्या सप्तकातले निम्मे सूर उतरलेले, आणि एक पट्टी तर दाबली की नुसती कण्हायची. त्यात शेजारचा तो गळा मोकळा करून, मनापासून, जिवाच्या आकांताने... बेसूर गात होता. तिचे कान लहानपणापासून सुरांवर पोसलेले. पायाशी पिशवीत ट्यूनिंगची किल्ली होती. आणि ती काढायची सोय नव्हती.

“पियानो ट्यून करायला कुणीतरी येणार होतं,” निघताना मावशी छताकडे बघत म्हणाल्या. “आलंच नाही बाई.”

एकदा जाऊन नीट सांगून टाकू, असं ठरवून ती पुढच्या गुरुवारी गेली. न सांगताच परत आली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. एका पियानोला किती गुरुवार लागतात, तो पियानो आहे की हत्ती, असं आई रोज विचारायला लागली.

कारण एव्हाना तो पिवळ्या नखांचा तरुण तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला येऊ लागला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. वाटेत एका केशकर्तनालयाची पाटी लागायची. तिच्यावरचं प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेला कललेलं होतं. ही माझीच, तो म्हणाला, हात थरथरायचे तेव्हाची. न्हाव्याला त्याने कितीदा तरी सांगितलं होतं, फुकट नवी करून देतो. पण न्हावी ऐकेना. लोक पाटीला हसत आत येतात, म्हणाला.

एका गुरुवारी भुरभुर पाऊस होता आणि छत्री एकच होती. ती पूर्ण तिच्यावर, आणि तो बाहेर, खुशाल भिजत.

“तुम्ही असे लांबून का चालता?” तिने विचारलं.

“मावशींचा नियम आहे.”

“छत्रीचा?”

“निळ्या खुर्चीतल्या माणसापासून हातभर लांब राहायचं. नवं माणूस ओल्या रंगासारखं असतं म्हणतात. बोट लागलं की ठसा उमटतो.” तो जरा थांबला. “तुम्ही... त्या खुर्चीतून कधी उठणार?”

“का? घाई आहे?”

“मला नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “छत्रीला आहे. बिचारी एकट्याला कंटाळलीय.”

ती हसली, आणि त्याच क्षणी तिला त्याचं एक बोलणं आठवलं. पाटीपाशीच तो मागे एकदा म्हणाला होता, पीत होतो तेव्हा मी सगळ्यांना फसवलं, सगळ्यांनी मला फसवलं. त्या तळघरात पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी खरं बोललं. आणि त्याच तळघरात, त्याच्या शेजारी बसून, ही दर गुरुवारी खोटी बसत होती. खरं सांगितलं तर तो जाणार. नाही सांगितलं तर हातभर अंतर कधी संपणार नाही. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, यात आता काही शंका उरली नव्हती. पण चहाच्या कपाने सुरू झालेली थाप निस्तरायची कशी, हे तिला कळेना. आईला सगळं सांगितलं, तर आई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “हसले खरी, पण त्याचा विचार कर. उगाच झुलवू नकोस त्याला.”

पुढचा गुरुवार आला. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. ती मात्र अर्धेच मिटायची. त्या वेळात त्याच्याकडे निवांत बघता यायचं. आज त्याच्या भुवईवर हिरवा ठिपका होता. तो पुसावा की राहू द्यावा, या विचारात ती असतानाच दारात सावली हलली.

एक माणूस चौकट धरून उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली. त्याची नजर गोलातून फिरली, एकेक खुर्ची बघत, आणि निळ्या गादीवर बसलेल्या तिच्यापाशी येऊन थांबली. दुकान बंद असल्यावर माणूस मान हलवतो, तशी त्याने मान हलवली. आणि वळला.

बाकी कुणी बघितलं नव्हतं. ती ताडकन उठली, पायऱ्या कशा चढली तिला कळलं नाही. फाटकापाशी तिने त्याला गाठलं.

“थांबा. ती खुर्ची तुमचीच आहे.”

“नाही, तिथे तुम्ही... मी नंतर येतो.”

“नंतर नको. माझ्यावर उपकार करा,” ती धापा टाकत म्हणाली. “तुम्ही बसलात तरच मला उठता येईल.”

त्याला काही कळलं नाही, पण एवढ्या अजिजीने त्याला बऱ्याच दिवसांत कुणी बोलावलं नसावं. तो आला. तिने हाताला धरून त्याला निळ्या गादीवर बसवलं, चहा ओतून दिला, आणि स्वतः सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. ती रंगाऱ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

“मी दारू सोडलेली नाही,” ती म्हणाली. “म्हणजे... मला ती लागलेलीच नव्हती. मी पियानो ट्यून करायला आले होते. तुम्ही डोळे मिटले होते, खुर्ची रिकामी होती, आणि मग चहा आला... पहिल्या दिवशी ती चूक होती. नंतर मी खोटंच बोलत राहिले. कारण मला इथे यायचं होतं. कारण... असो. आज माझ्यामुळे हे दारातून परत चालले होते. मला माफ करा.” तिने पिशवीतून किल्ली काढली. “मी जाते. पण हा पियानो दुरुस्त करून जाते. इतकं बेसूर मी जन्मात काही ऐकलं नाही. एक सोडून.”

मग टपालकाकांच्या खांद्यांना गदागदा हलताना तिने पाहिलं. ते रडताहेत असं तिला वाटलं.

“बूच... फ्रीजमध्ये...” टपालकाका कसेबसे म्हणाले, आणि अख्खी खोली खो खो हसायला लागली.

“अगं वेडाबाई,” मावशी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “या खोलीतल्या एकाने तरी कधी बाटलीला परत बूच लावलंय का? लावायला काही उरायचंच नाही. तू अर्धा ग्लास म्हणालीस तेव्हाच आम्ही काय ते समजलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“दुसऱ्याचं खरं आपण बोलत नाही. वाट बघतो.”

“बूच लावून?” निळ्या गादीवरच्या माणसाने न राहवून विचारलं. “फ्रीजमध्ये?” आणि तोही हसला, चहा सांडेपर्यंत. तो त्या खोलीत बोललेला पहिला शब्द बूच होता, हे टपालकाका अजून सगळ्यांना सांगतात.

चहाची दुसरी फेरी सुरू झाली तशी ती पियानोचं झाकण उघडून कामाला लागली. रंगारी शेजारी टॉर्च धरून उभा राहिला.

“तुम्हालाही माहीत होतं?” तिने तारांकडे बघत विचारलं.

“बूच ऐकलं तेव्हापासून.”

“आणि तरी हातभर लांब?”

“खुर्चीतून तुम्हालाच उठायचं होतं. मी कसा उठवणार?” टॉर्चचा उजेड जरा हलला. “आता मलाही एक खरं सांगायचंय. मला तुम्ही आवडता. पण मी दारुडा आहे. पीत नाही, तरी आहे. जन्मभराचं वचन मला कुणाला देता येत नाही. आजच्या दिवसाचं तेवढं देता येतं. आणि एवढ्याशा वचनावर कुणी...”

तिने एक पट्टी दाबली, किल्ली किंचित फिरवली, पुन्हा दाबली. सूर स्वच्छ निघाला.

“ऐकलंत?”

“हो.”

“आता सुरात आहे. पावसाळा संपेपर्यंत परत उतरेल. एकदा लावला की कायमचा राहिला, असा पियानो मी अजून बघितला नाही.”

“मग काय करता?”

“परत लावते,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं. “मला त्याचा कंटाळा येत नाही.”

त्याच्या डोळ्यांनी आधी हसायला घेतलं. ओठ मागून आले. त्याने टॉर्च तिच्या हातात दिली, भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांतली एक काढली आणि आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही.

मग मावशी पियानोवर बसल्या. सूर असे लख्ख निघाले की टपालकाकाही चपापले. आणि रंगारी किती बेसूर गातो, हे त्या खोलीला पहिल्यांदाच कळलं.

“इतके दिवस पियानो तुझी बाजू सांभाळत होता रे,” मावशी म्हणाल्या. तो ओशाळून थांबला.

“थांबू नकोस,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “गा.”

तो गाऊ लागला. गाता गाता त्याने तिचा हात हातात घेतला. सकाळच्या पाटीचा पिवळा रंग त्याच्या अंगठ्यावर अजून पुरता वाळला नव्हता. तिच्या बोटावर ठसा उमटला. तिने तो बघितला, आणि पुसला नाही.