अकरा दहाची नोंद

पाचवा मजला, लिफ्ट बंद. राद्कोचे गुडघे तिसऱ्याच मजल्यावर कुरकुरू लागले. झ्द्राव्का मिंचेवा कठडा धरून गुमान चढत होती. पोलीसखात्यातून निवृत्त झाल्यापासून रुसे शहरातली असली घरगुती प्रकरणंच तिच्या वाट्याला येत. आणि राद्को, तिच्या जोडीला.

दार देसिस्लावाने उघडलं. चाळिशीची, नकाशे काढणारी. डोळे लाल.

"मिंचेवाबाई, मेनूच गेलाय! संगणक सुरू केला की विंडोज हवं की लिनक्स, असं विचारायचा. आता थेट विंडोजमध्ये शिरतो. दान्यूबच्या वाळूबेटांचे तीन वर्षांचे नकाशे लिनक्समध्ये आहेत. आज सातच्या आत व्हिएन्नाला पाठवले नाहीत, तर तिथली नवी नोकरी गेली."

"बिघडलं कधी?"

"दहाला मी लिनक्स बंद करून बाहेर पडले. पाचला येऊन बघते तर हे. आणि करणाराही ठाऊक आहे. विंडोज सुरू झाल्याची नोंद अकरा दहाची आहे. तेव्हा घरात एकटा कालोयान होता."

कालोयान भाडेकरू. बस चालवायचा. स्वयंपाकघरात तो पिशवी भरत होता.

"एकपर्यंत झोपलो होतो, बाई. एकला निघालो, ते पाचपर्यंत डेपोत. कुणालाही विचारा. संगणकातल्या चार गोष्टी कळतात, हाच माझा गुन्हा."

देसिस्लावाचे वडील त्सान्को खिडकीशी बसले होते. कारखान्यातले जुने वायरमन.

"मी नऊला बुद्धिबळाच्या क्लबात गेलो. एकला आलो, जेवलो, आडवा झालो. त्या यंत्राला मी शिवतसुद्धा नाही."

"भाडेकरू पोरगाच," राद्को पुटपुटला. त्याला घरी जायचं होतं.

झ्द्राव्का संगणकापुढे बसली. "इंटरनेट?"

"मांजराने बुधवारी तार कुरतडली."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. पडद्याच्या कोपऱ्यात दोन पंचेचाळीस. राद्कोला वाटलं, यंत्रही आपल्यासारखंच थकलेलं दिसतंय.

झ्द्राव्काने संगणक पुन्हा सुरू केला, एक कळ दाबून धरली. निळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या: वर विंडोज, खाली लिनक्स; वरचं आधी सुरू होणार. खालची तिने वर नेली. क्षणात मेनू हजर.

देसिस्लावाने घाईने लिनक्स उघडलं. नकाशे जागेवर होते.

"पुसलं काहीच नव्हतं," झ्द्राव्का दमल्या आवाजात म्हणाली. "कुणीतरी नुसता क्रम बदलला. इंटरनेट नाही, तेव्हा बाहेरून कुणी केलं नाही. हात घरातलाच."

"म्हणजे अकरा दहाला—"

"अकरा दहा नव्हेच. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं. जुलैत आपण तीन तास पुढे. इंटरनेट असतं तर चूक आपोआप सुधारली असती. आत्ताही पडदा तीन तास मागेच होता. मग नोंदीत तीन मिळव."

राद्कोने बोटांवर मोजलं. "दोन दहा!"

"तेव्हा कालोयान डेपोत. तू बाहेर. घरात कोण?"

दारात येऊन उभ्या राहिलेल्या कालोयानने पिशवी खाली ठेवली.

"पुसायचं नव्हतं मला," त्सान्को खिडकीकडे बघत म्हणाले. "गेल्या वर्षी दुरुस्तीवाला हेच नीट करत होता, मी मागे उभा होतो. चाळीस वर्षं स्विच बसवलेत, हा एक कळू नये होय? वाटलं, आजचा दिवस टळला, की तुझं व्हिएन्नाला जाणं टळेल."

"मला थांब म्हणाला असतात, बाबा."

"थांबली असतीस?"

देसिस्लावाने खणातून पेनड्राइव्ह काढला. "नाही."

मग ती कालोयानकडे वळली. "मी तुझ्यावर—"

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या बोलू. आज मला राग आहे."

तिने नकाशे पेनड्राइव्हवर घेतले. त्सान्को उठले, खुंटीवरची टोपी काढली.

"इंटरनेट वाचनालयात आहे. सातला बंद करतात ते. चल, जवळची वाट मला माहितेय."