टेबल नव्हतं तिथलं वळण

हे खरं घडलेलं आहे.

कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. ज्या बाईवर हे गुदरलं ती पर्निला स्वतःच, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून भांडी विसळायला जायची.

जागा हॅर्नेसांद, स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. दिवस ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिला. वेळ दुपारचे तीन.

दुपार आपली घड्याळापुरती. त्या दिवसांत तिथे तीनच्या आधीच दिवे लागलेले असतात.

पर्निला आईच्या घरात एकटी होती. आई, दाग्नी, ऑक्टोबरात गेली होती; त्यानंतर पर्निला आत्ताच परत आली होती.

स्टॉकहोममध्ये घरं आणि हॉटेलं सजवणं हा पर्निलाचा व्यवसाय. तिच्या हातच्या खोलीत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. पांढऱ्या भिंती. साबणाच्या पाण्याने घासलेली फिकट लाकडी जमीन. एखादी मेंढीची कातडी, एक दिवा. बस्स. "यातून अजून काय काढता येईल?" एवढंच ती विचारायची.

वर्षभरापूर्वी दाग्नीचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने ती उपचार केंद्रात होती. तेवढ्या वेळात पर्निलाने तिचं घर नवं करून टाकलं.

आईला न सांगता. तिला चकित करायचं म्हणून.

तपकिरी वॉलपेपर गेला. चिंध्यांची जाजमं गेली. मधली भिंत पाडली, कोठीचं दार बुजवलं. ती जाजमं, स्वयंपाकघरातला लाकडी सोफा आणि आठ माणसांचं टेबल शेजारच्या टूरेने त्याच्या होड्यांच्या शेडमध्ये ठेवून घेतलं. दक्षिणेकडच्या चार लहान खिडक्यांच्या जागी एकच भलीमोठी काच आली. अखंड. न उघडणारी. हवा यंत्रातून यायची.

दाग्नी कुबडी घेऊन दारात उभी राहिली. बूट काढले. बराच वेळ बघत राहिली.

"फार सुंदर आहे गं."

"आवडलं ना, आई?"

"हो. बसू या जरा. मग घरी जाऊ."

पर्निला हसली. तिला वाटलं, आई टोमणा मारतेय.

टोमणाच होता बहुतेक. दाग्नीचं डोकं शेवटपर्यंत तल्लख होतं. मासिकाची माणसं फोटो काढायला आली तेव्हा ती आपणहून उठली. "मी बाहेर बसते. म्हातारी या रंगात बसत नाही." तिला आत बोलवायला हवं होतं, हे पर्निलाला संध्याकाळी सुचलं.

रात्री बाथरूमला जाताना दाग्नी एक हात पुढे धरून चालायची. साठ वर्षं ज्या घरात ती डोळे मिटून फिरली, तिथे आता हाताला काहीच लागत नव्हतं.

"आई, काही अडचण आहे का?"

"अडचणच तर नाही कुठे," दाग्नी म्हणाली.

ती गेली पहाटे. घरी येणारी नर्स लोविसा सोबत होती. तिने दाग्नीचे डोळे मिटले, हात जुळवले आणि सवयीने खिडकीकडे वळली. तिकडे माणूस गेलं की खिडकी उघडतात. कुणी कारण विचारत नाही, कुणी सांगत नाही.

लोविसाचा हात काचेच्या कडेवरून फिरला. वरून. खालून...

"ही उघडते कुठून?"

"उघडत नाही," पर्निला म्हणाली.

 लोविसाने दार उघडलं. थंडी आत आली. पण ती पुन्हा पुन्हा काचेकडेच बघत होती.

आणि मग तो रविवार.

पर्निलाने काचेशी कागदाची चांदणी टांगून दिवा लावला होता. कॉफी ओतत होती. दाग्नीची कॉफी तीनची असायची.

तेवढ्यात...

सपाता.

आतल्या खोलीतून. फरक्... फरक्... डावा पाय जरा ओढत.

पर्निलाने किटली खाली ठेवली.

पावलं खोलीत आली. खोली रिकामी होती. पावलं चार हात सरळ आली, आणि मग...

वळली.

मोकळ्या जमिनीवर अंग चोरून वळली. अरुंद जागेतून जावं तशी.

पर्निलाला उमगायला क्षण लागला. तिथे टेबल होतं. आई टेबलाला वळसा घालत होती.

पुढे पावलं भिंतीशी थांबली. मग पांढऱ्या गिलाव्यावर तळहाताचा आवाज. वर. खाली. कोठीचं दार तिथे होतं.

हात शोधत राहिला.

शोधत राहिला...

"आई?"

शांतता. यंत्राची बारीक घरघर. बस्स.

सोमवारीही तेच. मंगळवारीही, वळसा मात्र जरा लहान. तीन वाजता. पर्निला रोज हाक मारायची. एकच इच्छा होती तिची. आईने एकदा ओळखावं. रागावून का होईना.

बुधवारी ती टूरेकडे गेली. टूरे ऐंशीचा, तोंडाने फाटका.

"मासिकात तुझं घर पाहिलं," तो म्हणाला. "म्हटलं, सामानाचा ट्रक अडकला वाटतं बर्फात."

ती हसली नाही. तिने सगळं सांगितलं. टूरेने कप खाली ठेवला.

"काच काढ आधी. वाट दे तिला."

त्याने दोन माणसं आणली. दुसऱ्या दिवशी काच उतरवली. तासभर बर्फ जमिनीवर उडत राहिलं. पर्निला आणि टूरे कोट घालून उभे होते.

तीन वाजता पावलं आली. उघड्या भगदाडापासून हातभर अंतरावरून गेली. भिंतीकडे.

"वेळ गेली," टूरे पुटपुटला. 

"मग तिचं सामान परत आणू. टेबल आणू. सोफा आणू."

"तिला विचारलंस का?"

"मेलेल्या माणसाला काय विचारायचं, टूरे?"

"जिवंत होती तेव्हाही नव्हतंस विचारलं."

तरी सामान आणलंच. काच परत बसली. टेबल जुन्या खुणांवर ठेवलं, सोफा भिंतीला लावला. पर्निलाने जाजमंही अंथरली. दोन दिवस खपली. तिसऱ्या दिवशी तीनला दिवा लावून दाराशी उभी राहिली.

फरक्... फरक्...

पावलं सरळ आली. वळली नाहीत.

धाड!

टेबल जागचं हललं. खुर्ची पडली. पावलं मागे सरली, भराभर बाजूला गेली, सोफ्याला अडखळली. मग एक आवाज आला. रडण्याचा नव्हे. थंड पाण्यात पाय पडल्यावर माणूस श्वास घेतं, तसा.

पर्निलाला तेव्हा कळलं.

गेल्यापासून दीड महिना आई रिकामं घर शिकत होती. रोज थोडं थोडं. आता कुठे ते तिच्या पायांत बसायला लागलं होतं.

आणि लेकीने पुन्हा घर बदललं होतं. पुन्हा न सांगता.

"आई, इकडे! मी इथे आहे. माझ्या आवाजावर ये."

पावलं थांबली.

मग आली. अगदी जवळ...

पर्निलाच्या बाहीला काहीतरी लागलं. हात. थंड, कोरडा. बाहीवरून वर गेला. खांदा. गळा. गाल. अंधारात एखादं अनोळखी कपाट चाचपावं तसा.

कपाळाशी थबकला. पर्निलाने श्वास रोखला.

"आई, मी."

हात सुटला. पावलं तिला वळसा घालून पुढे गेली.

पर्निलाने ते घर विकलं नाही. स्टॉकहोमची कामं सोडली. टेबल आहे तिथेच आहे, पडलेली खुर्चीसुद्धा तिने उचलली नाही. रोज पावणेतीनला ती दाराशी त्याच फळीवर उभी राहायची. तोच करडा स्वेटर. केस तसेच. काहीही बदलायचं नाही. निदान एक गोष्ट आईला रोज जागेवर सापडावी.

आणि हात यायचा. बाही, खांदा, गाल. क्षणभर थांबायचा. त्या क्षणासाठी ती दिवस काढायची.

जानेवारीत हात खांद्यापर्यंतच यायला लागला.

मग नुसता बाहीला.

गेल्या गुरुवारी तीन वाजले. पावलं आली. पर्निलाने डोळे मिटले, गाल जरा पुढे केला.

सपाता तिच्यासमोर आल्या. न थांबता, न चाचपता, सफाईने तिला वळसा घालून गेल्या.

तिथे काहीतरी उभं असतं, हे आता दाग्नीच्या पायांना पाठ झालं होतं.