उपाशी बाई

"अगं, आधी तिला वाढ... केव्हाची उपाशी बसलीये ती!"

भर दुपारी, लख्ख उजेडात, सासूबाईंनी पलंगाला लागून कोपऱ्यात ठेवलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि सुनेच्या हातातला भाताचा वाडगा हिंदकळला. खुर्चीत एका फुगलेल्या उशीशिवाय काहीच नव्हतं! तरीही टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधून सासूबाईंची नजर, समोरच्याच्या चेहऱ्यावर रेंगाळावी तशी, तिथेच खिळलेली...

त्यांचा मणका मोडल्यापासून डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या होत्या. मधुमेह तर जुनाच सोबती. इन्सुलिन टोचायचं, वाडगा त्यांच्या हाती द्यायचा आणि रडणाऱ्या तान्ह्याकडे धाव घ्यायची, हा सुनेचा शिरस्ता. परतेपर्यंत वाडगा रिकामा! तेवढंच तिला समाधान. पण सासूबाई मात्र झडत चालल्या होत्या, आणि कितीही पुसलं तरी खोलीतला तो आंबूस वास हटत नव्हता.

"गोळ्या जरा हात राखून देत जा, वहिनी," आईला बघायला आलेली नणंद म्हणाली. "आई गुंगीत पडली की तुझी दुपार निवांत, नाही का?"

सुनेच्या काळजात चर्र झालं. मोजूनमापून, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी ती देत होती! पण सांगणार कोणाला? ती बाळाला थोपटायला गेली.

बाळ निजलं. घर इतकं शांत झालं, की सासूबाईंची कुजबुज भिंतींपलीकडून ऐकू येऊ लागली. "खा गं... लाजू नको... खा..."

ती दारात आली. नणंद उशाशी बसली होती. "झोपू दे तिला. गोळीचीच गुंगी आहे ती."

पण पंख्याखालीही सासूबाईंचं कपाळ घामानं डबडबलं होतं, आणि हात... बर्फ! डॉक्टरांनी बजावलं होतं, गुंगी गोळीची की साखर उतरल्याची, हे नुसतं बघून कळत नाही. बोट टोचून पाहा.

"ताई, सरका!" आजवर जिनं कधी आवाज चढवला नव्हता, ती ओरडली.

यंत्रावर आकडा उमटला. साखर फक्त अडतीस!

"अँब्युलन्स बोलवा! आई, माझ्याकडे बघा... तिकडे नका बघू हो!" त्यांना कुशीवर वळवून ती गालाच्या आतून मध चोळत राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

फोन करून नणंदेनं स्ट्रेचरला वाट करायला खुर्ची बाजूला ओढली. उशी खाली पडली, तिच्या अभ्र्याची चेन उघडली, आणि आतून भात सांडला... कालचा, परवाचा, हिरवट बुरशी धरलेला!

"म्हणजे आई जेवतच नव्हती?" नणंद किंचाळली.

इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं, या गोळ्या वेदनेबरोबर भूकही मारतात. यापुढे समोर बसून जेवू घालायचं, आणि पोटात किती गेलं त्यावरून इन्सुलिन ठरवायचं.

संध्याकाळी सासूबाई शुद्धीवर आल्या. नणंदेला हुंदका आवरेना. "कोणाला भरवत होतीस गं आई? कोण आहे ती?"

"ओळखली नाहीस?" सासूबाईंचा आवाज दुरून आल्यासारखा होता. "कडेवर तान्हं, विस्कटलेले केस... साऱ्यांना वाढून रिकाम्या पातेल्यापाशी बसते बिचारी. मला घास जात नाही, म्हटलं तिला तरी जाऊ दे. आयुष्यभर हुकूमच सोडले गं मी... 'जेव बाई' एवढं कधी म्हणता आलं नाही!"

त्यांचा हात पुढे आला, आणि सुनेच्या गालावर टेकला.

नणंद वळली. वहिनीकडे तिनं आज प्रथमच नीट पाहिलं... बसलेली गालफडं, कोपरापर्यंत घसरलेलं घड्याळ. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माझं चुकलं, वहिनी..." तिनं सुनेचे दोन्ही हात घट्ट धरले. "खरं सांग, तू शेवटचं कधी जेवलीस?"

सून आठवू लागली. आज सकाळी... काल रात्री... काल दुपारी...

तिला आठवेना.