होल्डवरचा यमन

वॉशिंग मशीन मध्येच बंद पडलं, साबणाचं पाणी घरभर झालं, आणि दातांच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वैतागून दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. 'कृपया थांबा,' असं कोणीतरी म्हणालं आणि गाणं सुरू झालं. यमनाची आलापी. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

आवाज तिचाच होता!

आलाप चढत चढत निषादावर आला, आता वरचा सा लागणार... आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! तिथेच तर ती थांबली होती. रेडिओच्या चाचणीत ऐन वरच्या 'सा'च्या तोंडाशी तिची गाळण उडाली आणि छत्री तिथेच टाकून ती पळाली. त्यानंतर गाणं कायमचं बंद. आईने विचारलं की म्हणायची, घसा बसलाय.

ओल्या चपलांनीच ती दुरुस्तीवाल्यांच्या कार्यालयात धडकली.

"फोनवर ते गाणं कोणी लावलंय? कोणाला विचारून?"

वायरींच्या गुंत्यातून एक चष्मा वर आला. चाचणीच्या दिवशी काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग करणारा तोच तो! आता इथले फोन सांभाळत होता. तिला पाहताच त्याच्या हातातली पक्कड पडली.

"तुम्ही... खरंच आलात?"

"जीभ नाही का रेटत, चुकलं म्हणायला?"

"चुकलं. साफ चुकलं. पण तुमचा पत्ता नव्हता, नंबर नव्हता... म्हटलं, मशीन कोणाचंही असो, कधी ना कधी बिघडतंच."

ती थक्क झाली. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आली होती, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"आणि माझं बिघडलंच नसतं तर?"

"तर फ्रिजवाल्यांकडे नोकरी धरली असती."

हसू दाबताना तिची नजर खुंटीकडे गेली. तिथे तिची छत्री होती, नीट घडी घातलेली.

"गाणं आजच काढतो," तो खाली बघत म्हणाला. "पण लोक भांडतात हो, पुढचं कुठंय म्हणून. आणि मी तर... रोज तिथेच अडकतो."

तिने डोळे मिटले. निषाद लावला... आवाज थरथरला — आणि सा लागला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

तिने डोळे पुसले. छत्री मात्र घेतली नाही.

"ती घेऊन घरी या. आणि मशीन तुम्हीच बघा."

"मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आईला सांगून ठेवते."