बारा पानांच्या अडीच ओळी

बटाटूने बारा पानं गिळली आणि फक्त अडीच ओळी बाहेर काढल्या.

“बिघडलास का रे?” केतकी ओरडली.

बटाटू म्हणजे सागरशेती मंडळाचा यंत्रमानव. गोल, तपकिरी, म्हणून केतकीने ठेवलेलं नाव. मंडळाचे चाळीस सभासद मालवणपासून दूर, समुद्रातल्या तरंगत्या शेतांवर शेवाळ पिकवत. केतकीची आई दर महिन्याला त्यांच्यासाठी बारा पानांचं वार्तापत्र तयार करी आणि बटाटू ते उपग्रहामार्फत पाठवी.

आईचं लक्ष मात्र भरतीच्या तक्त्याकडे होतं. परवा अमावास्या, मोठं उधाण. पाणी चढलं की शेतांना समुद्राच्या तळाशी धरून ठेवणाऱ्या नांगरांच्या साखळ्या ताणतात. आधी सैल सोडल्या नाहीत, तर तुटून शेत वाहून जातं. मागच्या महिन्यात रोझीमावशीचं गेलं. “कळवायचं तरी होतंस गो!” ती म्हणाली होती. आईने कळवलं होतं. अकराव्या पानावर.

“मी ठीक आहे,” बटाटू म्हणाला. “हे संक्षेपण (मजकूर न गमावता लहान करणं). जे ओळखता येतं, ते मी पाठवतच नाही. तिकडच्या यंत्रांकडे जुने अंक आहेत, ती ओळखून भरून घेतात. तूच बघ. ‘सर्व सभासद बंधू-भगिनींना...’”

“सस्नेह नमस्कार!”

“‘आपल्या मंडळाने यशाचं...’”

“आणखी एक शिखर गाठलं आहे!” केतकी खिदळली. “आई, दर महिन्याला तेच शिखर?”

“आधी अध्यक्षांचं मनोगत, मग आभार, वाढदिवस, शेवटी सूचना. रीतच आहे तशी,” आई जरा दुखावून म्हणाली.

“वाचण्याआधी जे ओळखता येत नाही, तेवढीच माहिती,” बटाटू म्हणाला. “बाकी पुनरुक्ती (तेच ते पुन्हा सांगणं). सभासदही पहिल्या ओळीवरून पुढचं ओळखतात आणि अंक मिटतात.”

केतकीने डोळे मिटून कळफलकावर वाटेल ती अक्षरं बडवली. “हे ओळख!”

“हरलो. पण हे वाचून साखळी कोण सोडेल? नवं हवं, आणि वाचणाऱ्याच्या कामाचंही हवं.”

आईने धीर करून अध्यक्षांना फोन लावला. “सावंतकाका, या वेळी तुमचं मनोगत शेवटच्या पानावर घेतलं तर?”

“फोटोसकट?”

“हो.”

“अगो, मग वाचणार कोण?”

“पहिल्या पानावर तरी कोण वाचत होतं, आजोबा?” केतकी मध्येच म्हणाली. आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. पलीकडून मोठ्ठं हसू आलं. “पाठव गो बाय, पाठव!”

मग आईने रोझीमावशीला विचारलं आणि तिचेच शब्द सगळ्यात वर ठेवले: ‘मी साखळी दोन हात सैल सोडली असती, तर माझं शेत आज जाग्यावर असतं. तुम्ही उद्याच सोडा. सोडलीत की मला कळवा. रोझी.’

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकवीस उत्तरं आली. संध्याकाळी अडतीस. उरलेल्या एका शेताच्या उत्तराची वाट बघत आईने जेवणही टाळलं.

अमावास्येला पाणी चढलं. पडद्यावर शेतांचे एकोणचाळीस ठिपके हळूहळू वर उचलले गेले आणि जागच्या जागी डुलत राहिले. एकोणचाळीस! आईने आता कुठे ताट वाढून घेतलं.

मग ते राहिलेलं उत्तर आलं. धुरीकाकांचं. “साखळी कालच सोडली, कळवायचं राहिलं. रोझीचं शेत पुन्हा बांधायला कोण कोण येतंय?”

केतकीने नव्या अंकाचं कोरं पान उघडलं आणि हा प्रश्न सगळ्यात वर लिहिला.