पाटीवाला आणि आत्यांचं ‘पण’

“टोमॅटो छान जमलाय,” शेजारून कुणीतरी म्हणालं.

मी मान वर केली. लॅमिनेशनच्या दुकानात माझी चित्रांची कार्डं एकेक करून मशीनमधून गरम गरम बाहेर येत होती, आणि माझ्या बाजूला उभा असलेला एक उंच माणूस ती मन लावून न्याहाळत होता. बाहीवर निळ्या रंगाचा फराटा, कानामागे पेन्सिल.

“सफरचंद आहे ते,” मी म्हणाले.

“असं?” त्याने कार्ड उजेडात धरलं. “मग त्याला सांगा कुणीतरी. बिचाऱ्याला माहीत नाहीये.”

खरं तर मला राग यायला हवा होता. ते सफरचंद मी स्वतः काढलं होतं, रविवारची अख्खी दुपार घालवून. पण हसू फुटायला लागलं, आणि ते दाबत मी बोट ठेवलं, “हा देठ बघा. टोमॅटोला असा असतो?”

“मला वाटलं, अळी आहे.”

दुकानदारसुद्धा फिस्सकन हसला. मी कार्डं गोळा केली आणि तरातरा निघाले. बसमध्ये बसल्यावर मात्र त्या अळीकडे बघून एकटीच हसत राहिले. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. नाव भारदस्त आहे, काम सांगायला सोपं. ज्यांचं बोलणं अडतं किंवा हरवतं, त्यांच्यासोबत बसून ते शोधायचं. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली माझी. एक टेबल, तीन खुर्च्या, तोंडाच्या हालचाली दाखवायला एक आरसा.

चार दिवसांनी त्याच खोलीच्या दारात तोच माणूस उभा राहिला. पुढे व्हीलचेअर, आणि तिच्यात ताठ बसलेल्या एक बाई.

“अरे...” तो म्हणाला.

“या,” मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले.

त्या त्याच्या आत्या. चाळीस वर्षं स्वतःचं शिवणकामाचं दुकान चालवलेलं, वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय अपघातात गेले तेव्हा दोन भाचे उचलून घरी आणले आणि वाढवले. हा त्यातला धाकटा. दोन महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला होता. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं, पण तोंडून एकच शब्द यायचा.

“कशा आहात आत्या?” मी विचारलं.

“पण,” त्या म्हणाल्या.

“हात दुखतो का?”

“पण, पण.” तेच उत्तर, पण सूर वेगळा. दहा मिनिटांत मला कळलं की या बाई एका ‘पण’मध्ये होकार, नकार, वैताग आणि टोमणा, सगळं बसवतात.

मी कार्डं मांडली. आत्यांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने ते अलगद टेबलाखाली ढकलून दिलं. “पण!”

“मी म्हटलं नव्हतं?” तो कुजबुजला.

चूक माझीच होती. चार वर्षांच्या मुलांसाठी केलेली चित्रं मी अशा बाईंपुढे ठेवली होती, ज्यांनी अर्ध्या गावाचे कपडे बेतले होते. मी तसं कबूल केलं तेव्हा तो म्हणाला, “मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या. कार्डं... मी काढून देऊ?”

पुढच्या गुरुवारी त्याने कार्डावर आत्यांची स्वतःची किटली काढून आणली, चोच वाकलेल्या अवस्थेत. त्यांची कात्री, त्यांची खिडकी, एका बाजूला कललेली त्यांची खुर्ची. आत्यांनी किटलीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे तरी काहीतरी मागितलं होतं. मी पळत जाऊन चहा घेऊन आले.

वस्तू संपल्या आणि पंचाईत झाली.

“‘नको’ कसं काढायचं?” त्याने विचारलं.

“फुली मारतात.”

“फुली तर बिल चुकल्यावर मारतात. नकोला चेहरा पाहिजे.” त्याने आत्यांकडे बघत चार रेघा ओढल्या. मुडपलेले ओठ, चढलेली भुवई. आत्यांनी ते पाहिलं आणि चक्क हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या.

“आणि ‘आवडतं’?” मी म्हणाले.

“हं... तुम्हाला काय आवडतं?”

“मला नाही. आत्यांना.”

“आत्याचं मला माहीत आहे हो.”

तो कागदाकडे बघत होता, पण पेन्सिल हलत नव्हती. मी उगाच आरसा पुसायला घेतला. आत्या आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत म्हणाल्या, “पण...” — आणि तो ‘पण’ मला नव्याने ऐकू आला.

पेशंटच्या घरच्यांशी अंतर ठेवायचं असतं. मी ठेवलंही — साधारण चहाच्या मशीनपर्यंत. सेशन संपलं की आम्ही तिघं तिथे थांबायचो. तो सांगायचा, कुठल्या दुकानदाराला अक्षरं जाड हवीत, कुठल्याला स्वतःचं नाव दुकानाच्या नावाएवढं मोठं. मी सांगायची, आज एका पोराने पहिल्यांदा ‘आई’ म्हटलं आणि त्याची आई ऐकायच्या ऐवजी फोनवर बोलत होती. तो कप धरायचा तेव्हा बोटांना टर्पेंटाइनचा वास यायचा. मला तो वास आवडायला लागला होता. गुरुवारसाठी मी बुधवारपासूनच लवकर उठत होते.

तिसऱ्या महिन्यात दादा आले, त्याचे थोरले भाऊ. दुसऱ्या शहरात मोठी नोकरी, मोठं घर. कपाळावर काळजीची घडी.

“आत्याला मी घेऊन जातोय,” ते म्हणाले. “तिकडे सगळी सोय आहे. तिथल्या डॉक्टरांसाठी तुमचं पत्र लागेल.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं. ‘पण’ म्हणाली. ती सगळ्यालाच ‘पण’ म्हणते, मॅडम.”

“कार्डांवर विचारता येईल. मी विचारते.”

दादांनी धाकट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “राग मानू नका. छोट्या दर गुरुवारी मला फोन करून अर्धा तास तुमच्याबद्दल बोलतो. आता तुम्ही प्रश्न विचारलात, तर येणारं उत्तर आत्याचं असेल, की त्याचं?”

छोट्याचे कान लालबुंद झाले. हातातली कार्डं मी टेबलावर ठेवून दिली. अपमान झाला म्हणून नाही. दादांचं बरोबर होतं म्हणून. आत्या दादांकडे गेल्या तर माझे गुरुवार जाणार होते. त्यांनी राहावं असं मला त्यांच्यासाठी वाटत होतं की माझ्यासाठी? शपथेवर मला सांगता आलं नसतं.

मी उठून थेट सीनियर मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे, आवडतो?”

“...हो.”

“आणि हे तू आपण होऊन सांगायला आलीस. बरं झालं. आजपासून त्या पेशंट माझ्या. प्रश्न मी विचारणार, कार्डं आणि घरचे फोटो समोर ठेवून. तू बाहेर, तो बाहेर, भाऊ पण बाहेर.”

आम्ही तिघं कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

“मी काही वाईट नाही हो,” दादा एकदम म्हणाले. “मी आठ वर्षांचा होतो. हिने स्वतःची खोली आम्हाला दिली आणि मशीनशेजारी झोपायला लागली. आता ती अशी झाल्यावर मी तिला इथे टाकून जाऊ? लोक काय म्हणतील ते सोडा... मलाच झोप यायची नाही.”

“दादा, तुला कोण वाईट म्हणतंय?” छोट्या म्हणाला आणि त्यांच्याजवळ सरकून बसला.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

“तीनदा विचारलं,” मॅडम म्हणाल्या. “दर वेळी क्रम बदलून. तिन्ही वेळा उत्तर एकच. आत या.”

टेबलावर मधोमध किटली, खिडकी, खुर्ची. त्यांच्या शेजारी, आत्यांच्या दुकानात वीस वर्षं सोबत काम केलेल्या मावशींचा फोटो. राहायला येईन, असं त्या केव्हाच म्हणाल्या होत्या. दादांच्या घराचा फोटो जरा बाजूला, पण त्यावर ‘रविवार’चं कार्ड ठेवलेलं. आणि छोट्याचा फोटो? तो थेट टेबलाच्या कडेला, दाराच्या बाजूला.

“आत्या,” तो खुर्चीपाशी बसला, “मी नको?”

स्ट्रोक आल्यापासून तो त्यांच्याकडे जमिनीवर झोपत होता. स्वतःची खोली सोडली होती, मोठी कामं परत केली होती. मला हे कधी बोलला नव्हता. आत्यांना मात्र सगळं दिसत होतं. त्यांनी डाव्या हाताने त्याचा गाल धरला. मग त्याच्या खिशात खोचलेला ब्रश ओढून काढला आणि त्याच्या मुठीत कोंबला.

“पण,” त्या इतक्या मऊपणे म्हणाल्या की दादाच आधी रडले.

त्यानंतर आत्या मावशींबरोबर यायला लागल्या, मॅडमकडे. माझे गुरुवार रिकामे झाले. आता अडचण कसलीच नव्हती... आणि तो आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. फोनसुद्धा नाही. मी स्वतःला समजावलं, तो आत्यांसाठीच तेवढा येत होता. चहाच्या मशीनकडे जायचं मी सोडून दिलं.

चौथ्या गुरुवारी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तुझ्या आत्यांना नवा शब्द आलाय. ‘जा’.”

“खरंच?” मी उडालेच.

“तासभर मला ‘जा, जा’ म्हणत होत्या. मला वाटलं, हाकलतायत. मग त्यांनी हात धरून मला तुझं दार दाखवलं. तुला म्हणतायत गं. चौकातल्या औषधाच्या दुकानाची पाटी रंगवतोय तो, मावशी सांगत होत्या.”

मी पर्स घेतली की नाही, आठवत नाही.

चौकात ऊन होतं आणि भणाणता वारा. तो शिडीवर उंच उभा राहून एक भलं मोठं निळं अक्षर भरत होता. मी खाली जाऊन शिडी धरली. ती हलली तसं त्याने खाली पाहिलं.

“तुम्ही?”

“तीन आठवडे फोन का नाही केलात?”

“दादा ते तसं बोलला...” तो ब्रशकडे बघत म्हणाला. “वाटलं, माझ्यामुळे तुमच्या कामावर बोट नको. तुम्ही किती जीव लावून करता ते. म्हटलं, आपण लांब राहिलेलं बरं.”

“कोणाला बरं?”

त्याने ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवला.

“मी आता तुमच्या आत्यांची थेरपिस्ट नाहीये,” मी म्हणाले. “आणि... मला तुम्ही आवडता.”

नेमकी तेव्हाच मागून बस गेली, धडधडत, हॉर्न वाजवत.

“काय?” तो वाकून म्हणाला. “ऐकू नाही आलं!”

दिवसभर मी लोकांना सांगते, श्वास घ्या, घाई नको, शब्द सुटा म्हणा. मी श्वास घेतला.

“मला तुम्ही आवडता!”

रस्त्यावरच्या दोन बायका थांबल्या. दुकानातून मालक बाहेर आले आणि वर बघून ओरडले, “अहो पेंटर, त्यांना तुम्ही आवडता म्हणे! आता उतरा, नाहीतर माझी पाटी वाकडी व्हायची!”

तो एकेक पायरी उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला, म्हणून आमचे चेहरे समोरासमोर आले नाहीत. माझा त्याच्या खांद्याशीच राहिला. मग तीही पायरी उतरला. हात रंगाने माखलेले, म्हणून ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी मीच ते धरले.

“मला पण...” तो म्हणाला आणि अडला. “पहिल्या दिवसापासून. तू त्या टोमॅटोच्या बाजूने भांडलीस ना, तेव्हापासून.”

त्याच्या तोंडून ‘तू’ आलं होतं, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मग वर असताना सांगायचं की! मला भर चौकात ओरडायला लावलंस,” मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. हळूच हसला.

“ऐकू तर पहिल्या वेळीच आलं होतं.”